मशीन आपलं, मग अपडेटचं बिल कुणी भरायचं?

प्रश्न साधा वाटतो. एखादी वस्तू पूर्ण पैसे मोजून घेतली, पक्कं बिल घेतलं, जीएसटी भरला, आता तिच्या आतल्या सॉफ्टवेअरचं नवीन व्हर्जन आलं तर त्याचे परत पैसे द्यायचे का? घेणारा म्हणतो, छे, का द्यायचे, आणि ज्यानं कधी सॉफ्टवेअर लिहिलंय तो म्हणतो, का नाही द्यायचे, आमचा पगार कोण देणार मग. दोघंही अर्धे अर्धे बरोबर आहेत. माझं दुकान सोलापुरात नव्या पेठेजवळ, सीसीटीव्ही, नेटवर्किंग, प्रिंटर असली कामं करतो, त्यामुळं हा वाद महिन्यातनं एकदा तरी काउंटरवर होतोच, आणि दर वेळी तोच घोळ असतोय: अपडेट म्हणून जी एक फाइल येते तिच्यात चार वेगवेगळ्या गोष्टी असू शकतात आणि चारींचा हिशोब वेगळा लागतो, पण आपण सगळ्यांना एकाच मापानं मोजतो.

आधी फर्मवेअर काय असतं ते बघू. मोबाइलमध्ये आपण ॲप टाकतो ते दिसतं, नको असलं की काढता येतं. फर्मवेअर म्हणजे मशीनच्या पोटातलं, बोर्डावरच्या चिपमध्ये बसलेलं सॉफ्टवेअर. वॉशिंग मशीननं ड्रम किती वेळ फिरवायचा, प्रिंटरनं कागद कधी ओढायचा, सीसीटीव्हीच्या डीव्हीआरनं कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग कुठं ठेवायचं, इलेक्ट्रिक स्कूटरनं बॅटरीतनं किती करंट खेचायचा, हे सगळं तेच ठरवतं. ते काढलं तर उरतो नुसता पत्रा आणि प्लास्टिक.

पूर्वी ही चिप एकदा भरली की भरली. जुन्या बोर्डांवर बघितली असेल तुम्ही, वर काचेची छोटी गोल खिडकी असलेली ईप्रॉम चिप आणि त्या खिडकीवर चिकटवलेलं स्टिकर. ते स्टिकर उगीच नसायचं, काचेतनं अल्ट्राव्हायोलेट उजेड आत गेला की प्रोग्राम पुसला जायचा. त्या काळात अपडेट म्हणजे कंपनीनं नवीन चिप पाठवायची, मेकॅनिकनं जुनी हळूच उचकटून काढायची आणि नवी दाबून बसवायची, पाय वाकडा झाला की संपलं. चिपचे पैसे, माणसाच्या येण्याजाण्याचे पैसे, सगळं डोळ्यांना दिसायचं म्हणून बिलावर कुणी फार वाद घालत नव्हतं. मग फ्लॅश मेमरी आली, तोशिबा कंपनीतल्या फुजिओ मासुओका यांनी ती १९८० च्या दशकात शोधली, आणि चिप जागेवरच पुसून परत लिहिता यायला लागली. पुढं घरोघरी इंटरनेट आलं आणि अपडेट म्हणजे एक डाउनलोड एवढंच राहिलं. पैशाचा वाद खरा तिथनं सुरू झाला, कारण आता हातात काही येत नाही, फाइलची एक कॉपी द्यायला कंपनीला जवळजवळ काहीच खर्च येत नाही, मग पैसे कशाचे?

तर पैसे कॉपीचे नसतातच, ती फाइल तयार करण्याचे असतात. एखादी चूक शोधायला इंजिनिअर लागतो. ती दुरुस्त केली की दुसरीकडं काही बिघडलं नाही ना हे बघावं लागतं, आणि एकाच मॉडेलचे पाच बोर्ड निघालेले असतात, कुणात एका कंपनीची चिप तर कुणात दुसऱ्या, त्या प्रत्येकावर टेस्ट करावं लागतं. फर्मवेअरमध्ये ही टेस्टिंग जास्त महत्त्वाची, कारण ॲप बिघडलं तर काढून परत टाकता येतं पण फर्मवेअर अर्धवट लिहिलं गेलं तर मशीन चालूच होत नाही, हात दाखवून अवलक्षण. आपल्याकडं तर अपडेट चालू असताना लाइट जाणं ही काही नवलाची गोष्ट नाही. म्हणून चांगल्या कंपन्या चिपमध्ये दोन जागा ठेवतात, एका जागी जुनं चालू असतं, दुसरीत नवीन लिहायचं, नीट लिहून झालं की मगच तिकडं उडी मारायची, आणि नवीन चाललं नाही तर आपोआप जुन्यावर परत यायचं. याला मेमरी दुप्पट लागते, म्हणजे पैसे. स्वस्तातल्या डब्यात ही सोय बहुतेक नसते.

म्हणजे "अपडेट फुकट पाहिजे" म्हणलं तरी ते कुणीतरी भरतंयच. एक तर मशीनच्या किमतीत आधीच घातलेलं असतं, किंवा नवीन गिऱ्हाइकांच्या पैशातनं जुन्यांचं भागवलं जातं, किंवा कार्ट्रिजमधनं, क्लाउडच्या वर्गणीतनं, आपल्या डेटातनं काढलं जातं. यातलं पहिलं मला सगळ्यात स्वच्छ वाटतं.

आता त्या चार गोष्टी. सोलापूरच्या माणसाला हे जकार्डवरनं पटकन कळेल. मागावर जकार्ड असतं, त्याच्यावर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या कार्डांची दोऱ्यानं ओवलेली माळ फिरते, भोक असेल तिथं हूक उचलला जातो आणि चादरीवर डिझाइन उमटतं. नवीन डिझाइन पाहिजे तर नवीन कार्डं पाडून घ्यायची, डिझाइनरला आणि पंचिंगवाल्याला पैसे द्यायचे, यात कुणाला कधी अन्याय वाटला नाही. पण जकार्ड नवीन आणलं आणि पहिल्या दिवसापासून त्याचा एक हूक उचलतच नाही, तर तो नीट करून द्यायचे पैसे बनवणाऱ्यानं मागितले तर कारखानदार त्याला दारात उभा करेल का? नवीन डिझाइन वेगळं आणि मुळातली खोट वेगळी. फर्मवेअरमध्ये हे दोन्ही एकाच फाइलमधनं येतं, तिथं गडबड होते.

या वर्षीचीच गोष्ट. अक्कलकोट रोड एमआयडीसीत ओळखीचे एक कारखानदार आहेत, चादर आणि टॉवेल दोन्ही काढतात, सगळे त्यांना अण्णाच म्हणतात. त्यांच्याकडं पुठ्ठ्याची कार्डं जाऊन आता इलेक्ट्रॉनिक जकार्ड आलंय, डिझाइन पेनड्राइव्हवर घालायचं, कंट्रोलरला लावायचं, स्क्रीनवर नाव निवडायचं, झालं. (ही टेक्नॉलॉजी तशी नवी नाही बरं का, बोनास कंपनीनं पहिलं इलेक्ट्रॉनिक जकार्ड १९८३ मध्ये मिलानच्या प्रदर्शनात दाखवलं होतं, आपल्यापर्यंत यायला वेळ लागला.) तर त्यांच्या कंट्रोलरला एक खोड होती. लाइट जाऊन परत आली की तो जिथं थांबला होता तिथनं चालू न होता एक पिक पुढनं चालू व्हायचा. आडवा धागा एकदा गेला की एक पिक, म्हणजे फरक एका धाग्याचा. साध्या टॉवेलमध्ये दिसतही नाही, पण मयूरपंखाच्या चादरीत पिसाची कड बरोबर तिथं तुटते, आडवी रेघ दिसते, व्यापारी ती चादर सेकंडमध्ये, म्हणजे दुय्यम मालात टाकतो. जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा, हुशार, त्यानं उपाय काढला होता, लाइट आली की माग चालू करायच्या आधी डिझाइन हातानं एक पिक मागं घ्यायचं. रात्रपाळीत कामगार विसरला की गेली चादर.

मी कंपनीला फोन लावला तर पलीकडचा माणूस म्हणाला, "हो सर, तो प्रॉब्लेम नवीन व्हर्जनमध्ये सॉल्व्ह झालाय, पण तुमची वॉरंटी संपलीय, एएमसी (वर्षाचा देखभालीचा करार) घ्यावी लागेल. नवीन व्हर्जनमध्ये मोबाइलवर प्रॉडक्शन रिपोर्ट पण मिळतो सर." स्पीकरवर अण्णा ऐकत होते, त्यांनी तिथनंच मला सांगितलं, "त्याला म्हणावं मोबाइलवर मला काय बी बघायचं नाही बे, मी दिवसभर मागापुढंच असतोय. मला माझी ती एक पिक दे म्हणावं."

मला वाटतं या सगळ्या वादाचा गाभा अण्णांच्या त्या वाक्यात आला. कंपनीनं दुरुस्ती आणि नवीन सुविधा एकाच पुड्यात बांधली होती, आणि जी दुरुस्ती त्यांच्यावरच बाकी होती ती द्यायला नवीन सुविधेचे पैसे मागत होती.

"वॉरंटी संपली" हा मुद्दा ऐकायला बरोबर वाटतो, पण जरा थांबून बघा. वॉरंटीला मुदत का असते? कारण वस्तू झिजते. बेअरिंग, बेल्ट, मोटर, धूळ-तेल लागून वापरानं खराब होणारच, त्याची जबाबदारी बनवणाऱ्यानं जन्मभर घ्यावी असं कुणी म्हणत नाही. पण सॉफ्टवेअर झिजत नाही. एका पिकची ती चूक पहिल्या दिवशीही तिथंच होती, डब्यातनं काढला तेव्हाही होती, कळली फक्त उशिरा. दोन वर्षांनी सापडली म्हणून ती गिऱ्हाइकाची होत नाही. म्हणून पहिली गोष्ट, जे चालेल म्हणून विकलं आणि चालत नाही त्याची दुरुस्ती, तिचे पैसे मागू नयेत, वॉरंटी असो नसो. किती वर्षं, हा प्रश्न राहतो, त्याच्याकडं येतो.

दुसरी गोष्ट, खरंच नवीन काहीतरी. इथं पैसे मागितले तर मला काही वाईट वाटत नाही. आपल्याकडं लग्नाचं शूटिंग करणाऱ्यांना हे माहीत असेल, पॅनासॉनिकनं २०१५ मध्ये जीएच४ कॅमेऱ्यासाठी व्ही-लॉग नावाचं फीचर ९९ डॉलरला विकलं, कॅननने २०१७ मध्ये ५डी मार्क ४ ला कॅनन लॉग देताना तेवढेच घेतले. लॉग म्हणजे फिक्कट रेकॉर्डिंग, ज्याला नंतर एडिटिंगमध्ये हवा तसा रंग चढवता येतो. कॅमेरा घेताना ते मिळेल असं कुणी सांगितलं नव्हतं, ज्याला लागतंय त्यानं घ्यावं, नाही त्याचा कॅमेरा होता तसाच चालतो. फुजीफिल्मसारखी कंपनी जुन्या कॅमेऱ्यांना अशी नवीन फीचर्स फुकट देत आलीय आणि त्यावर तिनं नाव कमावलं, तो तिचा धंद्याचा हिशोब. द्यायलाच पाहिजे असं काही नाही.

अॅपलचा एक किस्सा इथं सांगण्यासारखा आहे. २००७ मध्ये त्यांच्या काही मॅक कॉम्प्युटरमध्ये वायफायची नवीन, जास्त वेगवान चिप आधीच बसवलेली होती, पण सॉफ्टवेअरनं बंद होती. ती चालू करणाऱ्या छोट्या फाइलचे त्यांनी १.९९ डॉलर लावले. लोक चिडले, एवढी श्रीमंत कंपनी आणि दोन डॉलरसाठी हात पसरतेय. कंपनीचं म्हणणं होतं की अमेरिकेतल्या अकाउंटिंगच्या नियमामुळं घ्यावे लागतात: एखादी वस्तू विकून पूर्ण रक्कम जमा दाखवली आणि नंतर तिच्यात मोठं फीचर फुकट घातलं, तर विक्रीच्या दिवशी वस्तू पूर्ण दिलीच नव्हती असा अर्थ निघतो आणि सगळा जमाखर्च बदलावा लागतो. आयपॉड टचवाल्यांकडनं याच कारणानं २००८ च्या जानेवारीत २० डॉलर आणि नंतर मोठ्या अपडेटचे १० डॉलर घेतले, आयफोनवाल्यांना मात्र तेच फुकट, कारण आयफोनचं उत्पन्न ते दोन वर्षांत पसरवून दाखवत होते. २००९ मध्ये तो अकाउंटिंगचा नियमच बदलला आणि २०१० चं आयओएस ४ आयपॉड टचलाही फुकट मिळालं. सांगायचं कारण एवढंच की "अपडेटला पैसे लागतातच" असं जेव्हा ठामपणे सांगितलं जातं तेव्हा त्यात कितीतरी वेळा इंजिनिअरिंगपेक्षा सीएचा हात जास्त असतो.

तिसरी गोष्ट याच किश्श्यातनं निघते. फीचर मशीनमध्ये आधीच आहे, वायर, चिप, हीटर सगळं बसवलंय, तुम्ही ते विकतही घेतलंय, पण कुलूप लावून ठेवलंय आणि किल्लीचे वेगळे पैसे. २०२२ मध्ये बीएमडब्ल्यूनं काही देशांत सीट गरम करायच्या सोयीला महिन्याची वर्गणी लावली. सोलापुरात मे महिन्यात ४३ डिग्रीला गाडी उन्हात लावा, सीट फुकट गरम होते, पण युरोपातल्या माणसाला ते लागतं. लोकांनी इतकं झोडपलं की २०२३ मध्ये कंपनीनं तो विचार सोडला. टेस्लानं काही गाड्यांत ७५ किलोवॅट-अवरची बॅटरी बसवून सॉफ्टवेअरनं ती कमी करून स्वस्तात विकली होती, आणि सप्टेंबर २०१७ मध्ये फ्लोरिडात इर्मा वादळ आलं तेव्हा लोकांना लांब पळता यावं म्हणून काही दिवस ती मर्यादा काढून टाकली. केलं चांगलं, पण तेव्हा बऱ्याच जणांच्या पहिल्यांदा लक्षात आलं की आपण ज्यावर बसलोय ती बॅटरी आपल्यालाच पूर्ण वापरता येत नाही.

हे चूक का बरोबर यावर माझं मत थोडं डळमळीत आहे, खरं सांगतो. एकच मशीन बनवून दोन किमतींना विकलं की बनवणं स्वस्त पडतं आणि ज्याला कमी लागतं त्याला कमी पैशात मिळतं, मेजरिंग इन्स्ट्रुमेंटवाल्या कंपन्या हे वर्षानुवर्षं करतायत. विकतानाच सांगितलं असेल तर सौदा सौदा आहे. माझं डोकं फिरतं ते काल चालू असलेलं फीचर आज अपडेट मारून बंद करतात आणि मग त्याचे पैसे मागतात तेव्हा.

आणि तिथनं चौथी गोष्ट, फुकट येणारं पण आपलंच नुकसान करणारं अपडेट. कार्ट्रिज रिफिल करणाऱ्या कुठल्याही पोऱ्याला विचारा. १३ सप्टेंबर २०१६ ला जगभरातल्या कितीतरी एचपी प्रिंटरनी एकाच दिवशी दुसऱ्या कंपन्यांची कार्ट्रिज नाकारायला सुरुवात केली, आधीच आत गेलेल्या फर्मवेअरमध्ये ती तारीख घातलेली होती. पुढं बरेच खटले झाले, इटलीच्या स्पर्धा आयोगानं २०२० मध्ये या प्रकारावरनं १ कोटी युरो दंड ठोठावला. एक पैसा न घेता केलेलं अपडेट, आणि पुढच्या प्रत्येक कार्ट्रिजला खिशाला चाट. भीक नको पण कुत्रा आवर म्हणायची वेळ. म्हणून नुसतं "फुकट का विकत" एवढंच विचारून भागत नाही, अपडेट नको म्हणायचा आणि जुन्या व्हर्जनवर परत जायचा हक्क आहे का हेही विचारावं लागतं.

सिक्युरिटीचं मात्र वेगळं काढून बोलायला पाहिजे, कारण तिथं प्रश्न एकट्या मालकाचा राहत नाही. २०१६ मध्ये मिराई नावाच्या व्हायरसनं जगभरातले कॅमेरे, डीव्हीआर, राउटर ताब्यात घेतले, कसे, तर कंपनीनं घातलेला पासवर्ड कुणी बदलला नव्हता आणि काही मॉडेलमध्ये तो बदलताच येत नव्हता. २१ ऑक्टोबरला त्या सगळ्या डब्यांनी मिळून साइटचे पत्ते शोधून देणाऱ्या डाइन (Dyn) नावाच्या कंपनीवर एवढी गर्दी केली की अमेरिकेत ट्विटर, नेटफ्लिक्स, रेडिट अशा साइट काही तास धड उघडेनात. ज्याच्या दुकानात तो डीव्हीआर होता त्याला काय फरक पडला? काहीच नाही. त्याचं रेकॉर्डिंग चालू होतं. मग तो दुकानदार सिक्युरिटी अपडेटसाठी स्वतःच्या खिशातनं हजार रुपये कशाला काढेल? नाहीच काढणार, आणि मी त्याला दोषही देणार नाही. नुकसान तिसऱ्याचं आणि खर्च याचा, असं असलं की पैसे लावले तर अपडेट कुणीच करत नाही आणि सगळ्यांच्याच घराला धोका राहतो. त्यामुळं सिक्युरिटीची दुरुस्ती फुकट आणि शक्यतो आपोआप झाली पाहिजे, यात मला दुसरी बाजू दिसत नाही.

मोठ्या कंपन्यांनाही हे कळतं. २०१४ च्या फेब्रुवारीत एचपीनं प्रोलायंट सर्व्हरचं फर्मवेअर वॉरंटी किंवा सपोर्ट करार असलेल्यांनाच द्यायचं ठरवलं, ओरॅकलनं २०१० मध्ये सन कंपनी घेतल्यावर आधीच तसं केलं होतं, पण एचपीलाही सिक्युरिटीच्या दुरुस्त्या सगळ्यांना खुल्या ठेवतो असं सांगावं लागलं. सिस्कोकडंही नेहमीच्या अपडेटला करार लागतो, पण गंभीर भोक सापडलं आणि तुमच्याकडं करार नसला तरी त्यांच्या सपोर्टला मागितलं तर दुरुस्त व्हर्जन देतात. मागावं लागतं, एवढंच, आणि ते बहुतेकांना माहीत नसतं.

या करारवाल्या पद्धतीचा खरा फटका बसतो तो जुना माल घेणाऱ्याला. आपलं गाव तर सेकंडहँडवर चालतंय. माग सेकंडहँड, जनरेटर सेकंडहँड, कॉलेजच्या लॅबमधला सर्व्हर कुठल्यातरी बँकेनं टाकून दिलेला. लोखंडाचा माग दुसऱ्या मालकाकडं गेला म्हणून चालायचा थांबत नाही, गिअर तुटला तर वर्कशॉपमधला मिस्त्री नमुना बघून दुसरा पाडून देतो. फर्मवेअरला तो मिस्त्रीच नाही. का नाही, ते कळलं की पुढचा सगळा युक्तिवाद सोपा होतो. आजकाल बहुतेक फर्मवेअरवर कंपनीची डिजिटल सही असते, मशीन चालू होताना ती सही तपासते आणि जुळली नाही तर फाइल घेतच नाही. हे चांगल्यासाठीच आहे, नाहीतर कुणीही चोरटं फर्मवेअर घुसवेल. पण त्याचा दुसरा अर्थ असा की दुरुस्ती करू शकणारा जगात एकच माणूस उरतो, बनवणारा. दुसऱ्या कुणाला हात लावू देणार नाही म्हणता ना, मग तुम्हीच करून द्या, आणि एकुलता एक मेकॅनिक आहे म्हणून वाट्टेल तो भाव लावू नका.

जिथं हे कुलूप नव्हतं तिथं काय होतं तेही बघण्यासारखं आहे. लिंक्सिसच्या डब्ल्यूआरटी५४जी राउटरमध्ये लिनक्स वापरलं होतं, त्याच्या लायसनमुळं कंपनीला २००३ मध्ये सोर्स कोड खुला करावा लागला आणि त्यातनं ओपनडब्ल्यूआरटी हे राउटरचं खुलं फर्मवेअर उभं राहिलं. कंपन्यांनी सोडून दिलेले कितीतरी राउटर आजही त्यावर चालतात, माझ्या दुकानातसुद्धा एक आहे. सपोर्ट बंद करायचाच असेल तर जाताना किल्ली तरी ठेवून जा, एवढी मागणी काही फार नाही.

आता कंपनीची बाजू. मोठ्या कंपन्यांची मला काळजी नाही, पण हे कंट्रोलर बनवणारे बरेच जण छोटे असतात, दहा-बारा माणसांचा कारभार, त्यांच्यावर "जन्मभर फुकट दुरुस्ती" लादली तर एक तर ते किंमत वाढवतील नाहीतर शटर ओढतील, आणि शटर ओढलेल्या कंपनीकडनं अपडेट घेऊन दाखवा. त्यामुळं जन्मभर नको. आकडा ठरवा आणि डब्यावर छापा, जशी एमआरपी छापता तशी: या मशीनच्या चुका आणि सिक्युरिटी आम्ही अमुक सालापर्यंत फुकट दुरुस्त करू. मग दोन कंट्रोलर शेजारी ठेवून घेणारा ठरवेल, तीन वर्षांवाला स्वस्तातला घ्यायचा का दहा वर्षांवाला महागातला. आज ही तुलना करताच येत नाही म्हणून जो कमी सांगतो आणि नंतर एएमसीत वसूल करतो तोच स्वस्त दिसतो, आणि जो प्रामाणिकपणे सगळं किमतीत धरतो तो महाग ठरून मागं पडतो.

हे स्वप्नरंजन नाही. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून घरगुती स्मार्ट वस्तू विकणाऱ्याला सिक्युरिटी अपडेट किमान किती काळ देणार ते जाहीर करावं लागतं, आणि सगळ्यांना सारखाच सोपा पासवर्ड घालून विकायला बंदी आहे. युरोपियन युनियनचा सायबर रेझिलियन्स ॲक्ट डिसेंबर २०२४ मध्ये अमलात आला, त्यातल्या मुख्य अटी ११ डिसेंबर २०२७ पासून लागू होणार आहेत: साधारणपणे किमान पाच वर्षं सपोर्ट, सिक्युरिटी अपडेट विनामूल्य, आणि जमेल तिथं ते नवीन फीचरपासून वेगळं काढून द्यायचं. अण्णांची एक पिक यात थेट बसत नाही, ती सिक्युरिटीची चूक नाही, पण पुडा सोडायचं तत्त्व मात्र तेच.

आपल्याकडं अजून अर्धवट आहे. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं जुलै २०२२ मध्ये राइट टू रिपेअरसाठी, म्हणजे दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, शेतीची अवजारं, मोबाइल, घरगुती उपकरणं आणि वाहनं असे चार विभाग धरले, डिसेंबरमध्ये पोर्टलही सुरू झालं, तिथं कंपन्यांचे मॅन्युअल, सर्व्हिसची माहिती मिळते. सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना एप्रिल २०२५ पासून सिक्युरिटीची तपासणी सक्तीची झाली, ते आमच्या धंद्यात सगळ्यांना चांगलंच जाणवलं, स्वस्तातला बराच माल दुकानातनं गायब झाला. बाकी वस्तूत खोट असेल तर २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आहेच, १९१५ वर फोन करता येतो. पण कारखानदारांनी एक गोष्ट नीट ध्यानात ठेवा: धंद्यासाठी घेतलेल्या वस्तूचा घेणारा या कायद्यात ग्राहक धरला जात नाही. स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतली असेल तर सूट आहे, म्हणजे घरात दोन माग टाकून स्वतः चालवणारा विणकर आत बसू शकतो, शेडमध्ये चाळीस माग आणि तीन पाळ्यांचे कामगार असलेला मालक बसणं अवघड. त्याचा आधार एकच, खरेदीचा कागद.

आणि त्या कागदावर बहुतेक जण डिलिव्हरी, पेमेंट आणि वॉरंटी एवढंच बघून सही करतात. कोटेशन आलं की विक्रीवाल्याला तिथंच विचारा की चुकांची दुरुस्ती किती वर्षं आणि त्याला एएमसी लागणार का, दुरुस्ती आणि नवीन फीचर वेगवेगळं मिळणार का, मशीन उद्या विकलं तर पुढच्या मालकाला तेच मिळणार का, अपडेट बिघडलं तर जुन्या व्हर्जनवर जाता येतं का आणि ती फाइल आपल्याकडं ठेवता येते का. तोंडी "हो हो मालक, काळजीच करू नका" म्हणतील, ते सोडून द्या. पर्चेस ऑर्डरवर एक ओळ लिहून घ्या: "विक्रीच्या तारखेपासून सात वर्षांपर्यंत फर्मवेअरमधील दोष व सुरक्षेची दुरुस्ती विनामूल्य, एएमसीची अट नाही, मालकी बदलली तरी लागू." सातच्या जागी पाचवर येतील, येऊ द्या. मार्च अखेरीला टार्गेट अपुरं असलेला विक्रीवाला ही ओळ फार न कुरकुरता मान्य करतो असा माझा अनुभव आहे, ऑर्डरवर सही झाल्यावर मात्र तोच माणूस फोन उचलत नाही, तेव्हा लिहून घ्यायचं ते सहीच्या आधी.